कृत्तिका: अंतरात सुटलेलं, वयात अडकलेलं गणित

१९९७ साली युरोपीय अवकाश संस्थेनं हिप्पार्कोस उपग्रहाची तारकासूची प्रसिद्ध केली. एक लाख अठरा हजारांवर तारे, आणि त्यांची अंतरं जमिनीवरून कधीच जमली नव्हती इतक्या बारकाईनं मोजलेली. ताऱ्यांवर काम करणाऱ्यांच्या घरी दिवाळीच होती. त्या फराळात पहिल्याच घासाला एक खडा लागला, तो कृत्तिकांचा. सूचीप्रमाणे हा तारकागुच्छ सुमारे ११८ पार्सेकवर, म्हणजे ३८५ प्रकाशवर्षांवर येत होता. ताऱ्यांच्या रचनेची मॉडेल्स हाताशी धरून अंतर काढणारे लोक मात्र वर्षानुवर्षं १३० ते १३५ पार्सेक म्हणत आले होते.

दहा-बारा टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रकाश अंतराच्या वर्गानं विरळ होतो, त्यामुळे अंतरात दहा टक्के चूक झाली की ताऱ्याच्या खऱ्या तेजात वीसेक टक्के चूक होते. शिवाय ज्या मॉडेल्सवर हे बोट ठेवलं गेलं, ती काही कृत्तिकांपुरती नव्हती. दूरच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत. दिसतो तो सगळ्यांचा मिळून एक उजेड. त्या उजेडाच्या रंगावरून तिथले तारे कधी जन्मले आणि केवढे जन्मले हे ठरवायचं, तर प्रत्येक वस्तुमानाच्या ताऱ्याचं गणित करून त्या सगळ्यांची बेरीज मांडावी लागते. यालाच तारकासमुदायाचं मॉडेल म्हणतात. चारशे प्रकाशवर्षांवर, जिथे एकेक तारा सुटा मोजता येतो तिथेच हे गणित पंचमांशानं चुकत असेल, तर कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेबद्दल ते जे सांगतं ते कुणी कशाला ऐकावं?

हे प्रकरण मला आवडतं ते त्याच्या निकालामुळे. अंतराच्या वादात मॉडेल खरं निघालं आणि उपग्रह चुकला. आणि त्याच गुच्छात, वयाच्या प्रश्नावर, त्याच मॉडेलला खाली मान घालावी लागली.

परीक्षेची जागा

कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेला पाहिलं की द्राक्षांच्या छोट्या घोसासारखा हा पुंजका ओळखू येतो. महिन्याला नावच त्याच्यावरून मिळालं. पुनवेचा चंद्र तेव्हा कृत्तिकांच्या आसपास असतो. साध्या डोळ्यांना सहा तारे दिसतात, नजर तेज आणि आकाश काळं असलं तर जास्तही. तैत्तिरीय संहितेत सात नावं आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका. आकाशदर्शनाला आलेल्या पोरांना ‘चुपुणिका’ एकदा सांगावं, बाकीची सहा नावं विसरली तरी हे विसरत नाहीत. शतपथ ब्राह्मणात ‘कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत’ असा उल्लेख आहे, त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्या ग्रंथाचा काळ काढला होता. कृत्तिकांवरून वय काढायचा खटाटोप आपल्याकडे जुनाच आहे म्हणायचा, फक्त ते वय पोथीचं होतं.

हे तारे योगायोगानं एका दिशेला आलेले नाहीत, हे १७६७ मध्ये जॉन मिशेल यांनी संभाव्यतेच्या हिशेबानं दाखवलं. तसं असण्याची शक्यता त्यांनी पाच लाखांत एक अशी काढली होती. आज या गुच्छाचे हजाराहून जास्त सभासद माहीत आहेत. सगळे एकाच ढगातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले. माती तीच, जन्मतारीख तीच, आपल्यापासूनचं अंतर तेच. वेगळं आहे ते फक्त वस्तुमान. बाकीचं सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलत न्यायची, असा प्रयोग इथे निसर्गानंच मांडून ठेवला आहे.

मॉडेल करणारा काय करतो? हायड्रोजन, हीलियम आणि जड मूलद्रव्यं यांचं प्रमाण ठरवतो, एक वस्तुमान घेतो आणि तो तारा किती तापेल, किती तळपेल हे गणितानं काढतो. मग पुढचं वस्तुमान, मग त्याच्या पुढचं. सगळ्यांची घड्याळं एकाच वयाला थांबवली आणि मिळालेले बिंदू जोडले की रंग आणि तेज यांच्या आलेखावर एक रेघ उमटते. तिला समवय रेषा म्हणू. या रेघेचा लांबलचक मधला भाग म्हणजे मुख्य क्रम, गाभ्यात निवांत हायड्रोजन जाळत बसलेल्या ताऱ्यांचा. आता कृत्तिकांचा मुख्य क्रम घ्यायचा आणि अंतर ठाऊक असलेल्या जवळच्या ताऱ्यांच्या मुख्य क्रमावर आणून बसवायचा. बसण्यासाठी तो जितका वर सरकवावा लागला, त्यावरून अंतर मिळतं. वाटेतल्या धुळीनं थोडा प्रकाश खाल्लेला असतो, तेवढा भरून द्यायचा. कृत्तिकांच्या दिशेला ही वजावट सुदैवानं किरकोळ आहे.

१९९८ मध्ये मार्क पिन्सोनॉल्ट आणि सहकाऱ्यांनी हे काम पुन्हा नेटानं केलं. उत्तर आलं सुमारे १३२ पार्सेक. त्याच पद्धतीनं शेजारचा रोहिणीचा शकट हा तारकागुच्छ तपासला, तर मॉडेल आणि उपग्रह यांचं तंतोतंत जुळलं. दोघंही ४६ पार्सेक म्हणाले. म्हणजे पद्धत सरसकट बिघडलेली नव्हती. बिनसलं होतं ते कृत्तिकांपाशीच.

पळवाटा

हिप्पार्कोस बरोबर धरलं, तर कृत्तिकांचे तारे त्याच रंगाच्या इतर ताऱ्यांपेक्षा जवळजवळ पंचमांशानं मंद असायला हवेत. हे कशानं होईल? एक वाट जड मूलद्रव्यांची. ती कमी असली की तारा जरा निळसर होतो आणि आलेखावर त्या रंगाच्या इतरांच्या खाली दिसतो. पण वर्णपटातून कृत्तिकांतलं लोखंड मोजलेलं होतं आणि ते सूर्याच्या तोलाचंच निघालं होतं. दुसरी वाट हीलियमची. हीलियम वाढवलं तरी रेघ त्याच बाजूला सरकते, आणि अशा थंड ताऱ्यांतलं हीलियम वर्णपटात सरळ दिसत नाही. त्यामुळे ही पळवाट जास्त सोयीची. हिशेब केल्यावर मात्र हीलियम ३७ टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं असं दिसलं. सूर्य जन्मला तेव्हा त्यात ते सुमारे २७ टक्के होतं. आपल्या शेजारातल्या, लोखंड सूर्याइतकंच असलेल्या गुच्छात एवढं हीलियम कुठून यावं, हे कुणाला सांगता येईना.

मला सगळ्यात पटलेला युक्तिवाद तिसराच आहे, आणि तो अगदी घरगुती आहे. कृत्तिका खरंच अशा वेगळ्या घडणीच्या असतील, तर त्या घडणीचे सुटे तरुण तारे आपल्या आसपासही भटकत असणार. ते सूर्याच्या जवळ असल्यानं हिप्पार्कोसनं त्यांची अंतरं निर्विवाद मोजलेली असणार. डेव्हिड सोडरब्लोम आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. तरुण आहेत पण मंद आहेत, असे तारे सापडले नाहीत. गावात एकाच घरात सगळी माणसं चार फूट उंचीची आहेत असं टेप सांगत असेल, आणि भाऊबंदांत तसं कुणीच नसेल, तर आधी टेप तपासावी.

तागडीची खोट

टेप तपासायची म्हणजे काय, हे समजायला मोजमाप केवढं नाजूक होतं ते पाहावं लागेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात किंचित डोलतो. या डोलण्याच्या कोनाला पराशय म्हणतात. कृत्तिकांसाठी हिप्पार्कोसचा पराशय साधारण ८.४ मिलिआर्कसेकंद होता आणि मॉडेलवाल्यांना साडेसातच्या आसपास हवा होता. भांडण एका मिलिआर्कसेकंदाचं. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं मुंबईत ठेवून पाच हजार किलोमीटरवर मॉस्कोतून पाहिलं, तर ते नाणं जेवढा कोन व्यापेल, तेवढा हा फरक.

एका ताऱ्याच्या मोजणीत हिप्पार्कोसची चूक साधारण एवढीच असायची, एक मिलिआर्कसेकंद. मग उपग्रहाच्या बाजूचे लोक एवढ्या विश्वासानं कसे बोलत होते? कारण त्यांनी कृत्तिकांतले पन्नासेक तारे मोजून सरासरी काढली होती. पन्नास मोजण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर सरासरीतली चूक पन्नासच्या वर्गमुळानं, म्हणजे सातपटीनं कमी होते. सगळी मदार त्या ‘स्वतंत्र’ शब्दावर. भाजीवाल्याच्या तागडीतच खोट असेल, तर बटाटे पन्नास वेळा तोलूनही वजन सुधारत नाही; उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास मात्र वाढत जातो.

हिप्पार्कोस आकाश पट्ट्यापट्ट्यांनी न्याहाळायचा, आणि प्रत्येक पट्ट्यात उपग्रहाचं तोंड नेमकं कुठे होतं हे त्याच पट्ट्यातल्या ताऱ्यांवरून ठरवायचं. कृत्तिकांच्या मध्यावर अंशभराच्या जागेत भरपूर तेजस्वी तारे दाटीवाटीनं आहेत. तिथे ही दिशा ठरवण्यात त्यांचंच वजन पडतं. दिशा किंचित चुकली की ते सगळेच एकत्र चुकतात. पिन्सोनॉल्टच्या गटानं हा संशय १९९८ मध्येच मांडला होता. मंद, कडेचे तारे घेतले तर पराशय मॉडेलकडे झुकतो आणि मधले तेजस्वी घेतले तर उलटा जातो, असंही त्यांना दिसलं होतं.

उपग्रहाची बाजू ढिली पडली नाही. फ्लोर व्हॅन लेवेन यांनी हिप्पार्कोसची सगळी कच्ची मापं नव्यानं सोडवली. उपग्रहाला बसलेले बारीक धक्के, त्याची हललेली दिशा, सगळं हिशेबात घेतलं. २००९ मध्ये त्यांनी कृत्तिकांचं नवं अंतर दिलं: १२०.२ पार्सेक, चूक फार तर दोनच्या आत. खोट मॉडेलमध्येच आहे, असं त्यांचं म्हणणं राहिलं. एवढी मेहनत करून माणूस ठाम राहतो तेव्हा त्याला हटवादी म्हणून निकालात काढणं मला बरोबर वाटत नाही. पुढे सगळ्यांना उत्तर माहीत झालं, म्हणून आज तसं म्हणणं सोपं आहे, एवढंच.

साक्षीदार

आता लागणार होती तिसऱ्या कुणाची तरी साक्ष, जिला ना समवय रेषेची गरज, ना हिप्पार्कोसची.

पहिली मोठी साक्ष ॲटलस या कृत्तिकांतल्या तेजस्वी ताऱ्याची. तो प्रत्यक्षात जोडतारा आहे. दोन तारे २९१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. २००४ मध्ये शियाओपेई पान, मायकेल शाओ आणि श्रीनिवास कुलकर्णी यांनी माउंट विल्सन आणि पालोमार इथल्या व्यतिकरणमापकांनी (वेगवेगळ्या आरशांवर पडलेला प्रकाश एकत्र जुळवून बारीक कोन मोजणाऱ्या यंत्रांनी) ही कक्षा आकाशात कोनांत मोजली. (कुलकर्णींचा जन्म कुरुंदवाडचा. पुढे लागणाऱ्या तपकिरी बटूंच्या, म्हणजे तारा होता होता राहिलेल्या पिंडांच्या, कथेतही ते आहेत: १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळचा तपकिरी बटू शोधणाऱ्या गटात ते होते.)

यातली खुबी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. कोनातली कक्षा आणि फेरीचा काळ दोन्ही हातात आहेत. आता अंतर मानायचं. अंतर वाढवलं की कक्षेची खरी लांबी त्याच प्रमाणात वाढते, आणि केप्लरच्या नियमानं ताऱ्यांचं वस्तुमान अंतराच्या घनाच्या पटीत वाढतं. तेज मात्र अंतराच्या वर्गाच्याच पटीत वाढतं. म्हणून १३५ ऐवजी ११८ पार्सेक धरलं, की ताऱ्यांचं वस्तुमान एक तृतीयांशानं घटतं आणि तेज पावपटच कमी होतं. मग इतक्या हलक्या ताऱ्यांनी एवढा उजेड पाडायचा कसा? वस्तुमान आणि तेज यांचं नातं जोडताऱ्यांवरून पक्कं ठाऊक होतं. त्यात ११८ कुठेच बसेना. उत्तर आलं १३३ ते १३७ पार्सेक, आणि १२७ च्या खाली तर जाताच येत नाही, अशी खालची हद्द.

थोडं मॉडेल इथेही डोकावतंय, असा आक्षेप घेता आला असता. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं ॲटलसच्या दोन्ही ताऱ्यांचे वेग वर्णपटातून मोजले आणि तीही गरज संपवली. कक्षेची लांबी किलोमीटरांत मिळाली, कोनांत आधीच होती, भागाकार केला: १३२, चूक चार पार्सेक. एचडी २३६४२ या ग्रहणकारी जोडताऱ्यावरून एका गटाला १३२ मिळाले, दुसऱ्याला १३९. हबल दुर्बिणीनं २००५ मध्ये तीन ताऱ्यांचे पराशय स्वतंत्रपणे मोजले: १३४.६. आणि २०१४ मध्ये कार्ल मेलिस आणि सहकाऱ्यांनी खंडोखंडी पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून, रेडिओ लहरी सोडणाऱ्या काही तरुण कृत्तिका-ताऱ्यांची जागा क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तळपत्या गाभ्यांच्या, तुलनेत दीड वर्ष टिपली. उत्तर १३६.२, चूक सव्वा पार्सेकच्या आत.

शेवटी हिप्पार्कोसचा वारस आला. गाइया उपग्रह डिसेंबर २०१३ मध्ये उडाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या सूचीत कृत्तिकांचे १३२६ सभासद घेऊन पराशय निघाला ७.३६४ मिलिआर्कसेकंद. म्हणजे १३६ पार्सेकला जरासा कमी. गाइयाच्या मापांतही एक सरसकट खोट आहे. ज्यांचा पराशय शून्यच असायला हवा अशा क्वेसारांवरून ती सुमारे ०.०३ मिलिआर्कसेकंद असल्याचं तपासलं गेलं. या वादाला ती नगण्य आहे. पण तागडीत रिकामं पारडं आधी बघायची सवय लागली, हे बरं झालं.

मग वयाचं काय

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती: मॉडेल जिंकलं. पण अंतराच्या परीक्षेत मॉडेलकडून जे मागितलं होतं, ते त्याला सगळ्यात चांगलं जमतं असं काम होतं. मध्यम वस्तुमानाचे, फारसं वय न झालेले तारे. आणि मॉडेलची मापं सूर्यावरून बेतलेली. वय विचारायचं तर रेघेच्या वरच्या टोकाला जावं लागतं, आणि तिथे मॉडेलची जमीन भुसभुशीत आहे.

जड तारे आपलं इंधन लवकर संपवतात. म्हणून गुच्छ जसा म्हातारा होतो तसं मुख्य क्रमाचं वरचं टोक झडत खाली येतं. ते कुठवर आलंय ते बघून वय सांगायचं, ही जुनी रीत. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या साध्या मॉडेल्सनी कृत्तिकांचं वय असं ७ ते ८ कोटी वर्षं काढलं होतं.

हा आकडा एका गृहीतकावर उभा आहे. सूर्याहून जड ताऱ्यांचा गाभा खदखदत असतो. गरम वायू वर, थंड खाली, अखंड ढवळणं. हे ढवळणं कुठे थांबतं? साधं मॉडेल म्हणतं, जिथे वायूला वर ढकलणारं बळ शून्य होतं तिथे. पण बळ शून्य झालं म्हणजे वेग शून्य झाला असं होत नाही. नागपंचमीचा झोका सगळ्यात खाली येतो तिथे त्याला पुढे ढकलणारं काही नसतं, आणि नेमका तिथेच तो सगळ्यात जोरात असतो. गाभ्यातला वायूही तसाच हद्द ओलांडून थोडा पुढे जातो आणि बाहेरचं ताजं हायड्रोजन आत ओढून आणतो. याला ओव्हरशूटिंग म्हणतात. ताऱ्याला शिधा वाढवून मिळतो, तो जास्त जगतो, आणि त्याच टोकावरून काढलेलं गुच्छाचं वय वाढतं. किती वाढतं, हे किती पुढे जातो त्यावर अवलंबून. पण हे ‘किती’ मूळ तत्त्वांतून काढता येत नाही, बाहेरून घालावं लागतं. नव्वदच्या दशकापर्यंत ज्यानं जसं ओव्हरशूटिंग घातलं, तसं त्याला १० कोटी, १५ कोटी असं वय मिळालं. आकडा हवा तसा फिरवता येणारं बटण मॉडेलमध्ये असेल, तर त्याच मॉडेलनं दिलेल्या वयाला मी तरी मोजमाप म्हणणार नाही.

सुटका झाली ती रेघेच्या अगदी खालच्या टोकाकडून, जिथे तारा तारा म्हणवून घेण्याच्या हद्दीवर असतो. लिथियम हे मूलद्रव्य फार नाजूक. सुमारे २५ लाख अंश तापमानाला त्याची राख होते. सूर्याच्या आठ-दहा टक्के वस्तुमानाचे तारे आतून बाहेरपर्यंत संपूर्ण ढवळले जातात, त्यामुळे गाभा तेवढा तापला की थोड्याच काळात सबंध ताऱ्यातलं लिथियम संपतं. जड तारा आकसत लवकर तापतो, हलक्याला वेळ लागतो. म्हणून दिलेल्या वयाच्या गुच्छात एक हद्द असते: तिच्याहून तेजस्वी बटूंत लिथियम नाही, तिच्याहून मंद बटूंत आहे. वय वाढतं तशी ही हद्द खाली सरकते. इथे ओव्हरशूटिंगचा प्रश्नच येत नाही, कारण सगळाच तारा ढवळलेला आहे. ढवळण्याला ओलांडायला हद्दच नाही. उरलेलं भौतिकशास्त्र तुलनेनं सरळ.

तर हद्द शोधायची. जेफ्री मार्सी, गिबोर बासरी आणि जेम्स ग्रॅहॅम यांनी हवाई बेटावरच्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीनं कृत्तिकांतल्या एचएचजे ३ या अतिमंद ताऱ्याचा वर्णपट घेतला. ६७०.८ नॅनोमीटरला, तांबड्या रंगात, लिथियमची रेघ असायला हवी. नव्हती. मग त्याहून जरासा मंद असलेला पीपीएल १५. इथे रेघ दिसली. १९९६ मध्ये त्यांनी वय जाहीर केलं: साडेअकरा कोटी वर्षं. जॉन स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आणखी बटू तपासून हद्द पक्की केली आणि साडेबारा कोटी काढले. २०१५ मध्ये नव्या मापांवरून ११ कोटी २० लाख आले. या वयाचा धागा अंतराशी बांधलेला आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. गुच्छ जवळ मानला तर हद्दीवरचे बटू खरोखर मंद ठरतात आणि वय वाढतं. १९९८ मध्ये अंतराचा वाद पेटलेला असताना वयाचा हा आकडाही त्यामुळे थोडा टांगणीलाच होता.

तरी कसंही मोजलं तरी सात-आठ कोटींवर काही ते येईना. खरं वय जुन्या मॉडेलच्या वयाच्या दीडपट निघालं. आणि ही गोष्ट कृत्तिकांपुरतीही राहिली नाही: ययाती तारकासमूहातल्या आल्फा पर्सेई गुच्छाचं जुनं वय ५ कोटी होतं, लिथियमनं ते ९ कोटी सांगितलं. त्यामुळे तरुण गुच्छांच्या मॉडेल्समध्ये ओव्हरशूटिंग घालायचंच, ही गोष्ट ठरून गेली.

याच हिशेबात एक वाकडा पाहुणा आहे, एलबी १४९७ नावाचा. तो श्वेत बटू आहे, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा निखारा, आणि कृत्तिकांचा सभासद मानला जातो. वस्तुमान सुमारे एका सूर्याएवढं. त्याला थंड व्हायला पाच-सहा कोटी वर्षं लागली असावीत. गुच्छाच्या वयातून ती वजा केली की त्याच्या जन्मदात्या ताऱ्याचं आयुष्य मिळतं, आणि त्यावरून तो सूर्याच्या सहा पटींच्या आसपास असणार. वय जुनं सात-आठ कोटी धरलं असतं, तर त्या ताऱ्याला जगायला जेमतेम दोन कोटी वर्षं मिळाली असती. म्हणजे तो याहून कितीतरी जड असायला हवा होता. एका निखाऱ्यावर फार भार टाकू नये, पण त्याची साक्ष लिथियमच्याच बाजूची आहे.

रंगात फसलेले

गाइयाची सूची आता कुणालाही मोफत मिळते. कृत्तिकांचे सभासद निवडून रंग आणि तेज यांचा आलेख घरच्या लॅपटॉपवर काढायला एक संध्याकाळ पुरते. मुख्य क्रम सुईनं ओवल्यासारखा बारीक येतो. त्याच्या वर, पाऊण प्रतीच्या अंतरावर (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं एकक), एक समांतर फिकी रेघ दिसते: ते जोडतारे, दोघांचा उजेड एकाच बिंदूत मोजला गेलेले. अंतराचा वाद मिटल्यानंतर हा आलेख पाहताना बरं वाटतं.

निळ्या गाळणीतून मोजलेला रंग घेतला मात्र, तर सूर्याहून थोड्या थंड, नारिंगी ताऱ्यांचा पट्टा रेघेच्या खाली उतरलेला दिसतो. कुठे कुठे जवळजवळ अर्ध्या प्रतीनं. हे साठच्या दशकापासून लक्षात आलेलं होतं, आणि हे तारे वयानं वेगळे असावेत, असंही एक अनुमान होतं. २००३ मध्ये स्टॉफर यांच्या गटानं पुष्य नक्षत्रातल्या जुन्या गुच्छाशी तुलना करून दाखवलं, की अवरक्त रंग घेतला तर हे खाली उतरणं नाहीसं होतं. दोष ताऱ्यांच्या पृष्ठभागात आहे. ते भराभर फिरतात, त्यांची चुंबकक्षेत्रं दांडगी, आणि पृष्ठभागावर एकीकडे गार डाग तर दुसरीकडे तापलेले तेजस्वी ठिपके. एका ताऱ्याला एकच तापमान देणाऱ्या मॉडेलला हा ठिगळांचा गोधडीतारा कळत नाही. पुढे असंही दिसलं की कृत्तिकांतले लहान तारे मॉडेल सांगतं त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के फुगलेले आहेत.

याच पट्ट्यातले तारे निळ्या गाळणीतून घेऊन कुणी मुख्य क्रम बसवला असता, तर अंतर खऱ्याहून जास्त आलं असतं, हिप्पार्कोसपासून आणखीच दूर गेलं असतं. चुकीच्या कारणानं वाद आणखीच वाढला असता. १९९८ मध्ये एकापेक्षा जास्त रंगांत मोजण्याचा हट्ट धरणाऱ्यांना या प्रकरणाचं बरंच श्रेय जातं, असं मला वाटतं.

वरच्या टोकाला मात्र कृत्तिकांकडून आता फार काही मिळण्यासारखं नाही, कारण तिथे तारेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांत प्लिओनी सेकंदाला तीनशे किलोमीटरांच्या आसपास गरगरतो आणि स्वतःचाच वायू भोवती कड्यासारखा फेकतो. एवढ्या वेगानंही गाभा ढवळतो, आयुष्य वाढतं. मग दीडपट वयातला किती वाटा ओव्हरशूटिंगचा आणि किती या फिरण्याचा, हे दहा-बारा ताऱ्यांवरून सुटत नाही. त्यासाठी मॉडेलवाले हजारो ताऱ्यांच्या तरुण गुच्छांकडे गेले आहेत. त्यांच्यात एक ठरलेलं नाव मोठ्या मॅगेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतल्या, एनजीसी १८६६ चं. वय सुमारे वीस कोटी. २०१७ मध्ये हबलच्या मापांत त्याचा मुख्य क्रम दोन रेघांत फुटलेला दिसला, एक हळू फिरणाऱ्यांची आणि एक वेगानं फिरणाऱ्यांची. महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजावर पाच-सहा अंशच वर येतो, धुरक्यात बुडालेला. कृत्तिका मात्र त्या वेळी जवळजवळ डोक्यावर असतात.